दगडाचा आवाज

माझ्या घरासमोरच्या अंगणात लहानमोठे वीस-पंचवीस दगड पडलेले आहेत. नवा पाहुणा आला की त्याला वाटते, येथे काही बांधकाम निघालेले असावे. परंतु माझे सारे धन ते हेच! मी शिल्पकार आहे. वर्षभर दगडातून मूर्ती घडवाव्यात, चार चांगल्या साधल्या की त्या प्रदर्शनात मांडाव्यात आणि सुटीच्या दिवसांत मुलांची शिबिरे घ्यावीत, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा क्रम आहे.

दगडाशी माझी पहिली ओळख करून दिली ती माझ्या आजोबांनी. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबा पाथरवट होते. जाती, पाटे आणि वरवंटे ते घडवीत. झिजलेल्या जात्यांना टाकी लावण्यासाठी ते गावोगाव हिंडत. आमच्याकडे तेव्हा घरोघरी मिक्सर आलेले नव्हते. छिन्नीचे टोक बोथट झाले, की ती भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची, ठोकून टोकदार करायची आणि लगेच पाण्यात बुडवायची. याला छिन्नीला ‘पाणी देणे’ म्हणतात. भट्टीचा भाता ओढण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्याचा मला मोठा अभिमान वाटे.

दगड निवडताना आबा त्याच्या रूपाकडे पाहत नसत. ते हातोड्याने दगडावर हलकेच ठोकीत आणि कान देऊन ऐकत. दगड निकोप असला, तर घंटेसारखा खणखणीत वाजे. आत कोठे तडा असला, तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येई. असा दगड कितीही देखणा असो, आबा तो बाजूला सारीत. “पोरा, दगड कधी खोटं बोलत न्हाई. आपलं कान तेवढं उघडं पायजेत,” असे ते म्हणत.

आपल्या महाराष्ट्राचा बराच मोठा भाग ज्या काळ्या कातळाचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा थंड होऊन तयार झाला. थंड होताना त्यात कोठे वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, तर कोठे भेगा पडल्या. या दगडाचा एक घनफुटाचा तुकडा घेतला, तर त्याचे वजन ८० किलोंच्या आसपास भरते. असा कठीण आणि जड दगड बाहेरून एकसंध दिसला, तरी त्याच्या पोटात काय दडले आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

शिवाय मातीच्या मूर्तीचे नाक बिघडले, तर नवी माती लावता येते. दगडाला तसे काही लावता येत नाही. त्यातून केवळ काढताच येते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजांच्या काळी डोंगर वरून खाली कोरीत घडविले गेले. ते मी प्रथम पाहिले, तेव्हा माझी छाती दडपून गेली. पायथा घडण्याच्या आधी शिखर घडविणाऱ्या त्या कारागिरांचा आपल्या हातांवर केवढा भरवसा असला पाहिजे!

मुंबईच्या एका कलादालनात माझे पहिले प्रदर्शन ठरले, तेव्हा आबा हयात नव्हते. जात्यावर दळणारी स्त्री ही त्या प्रदर्शनातील माझी मुख्य मूर्ती व्हायची होती. खाणीतून दगड आणला आणि त्यावर ठोकून पाहिले. एका बाजूला आवाज किंचित बद्द आला. पण दिवस थोडे उरले होते, आणि दुसऱ्या दगडासाठी जवळ पैसे नव्हते. ‘वरचाच पापुद्रा असेल,’ अशी मी मनाची समजूत घातली आणि छिन्नी लावली.

महिन्याभराने मूर्तीच्या खांद्यापाशी केसाएवढी बारीक रेघ दिसू लागली. मी दगडाचीच भुकटी चिकटद्रवात कालवून ती रेघ बुजविली. मग पाणी घालून काचकागदाने घासले. कातळ घासला की काळाभोर दिसतो. रेघ कोठे होती, हे मलाही ओळखू येईना.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी एका खेडेगावच्या शाळेचे वृद्ध मुख्याध्यापक आले. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी गोळा करून दिली होती; तिच्यातून शाळेच्या अंगणात एक शिल्प बसवायचे होते. त्यांना माझी दळणारी स्त्री फार आवडली. “मधल्या सुटीत मुले हिच्याभोवती बसून डबे खातील,” ते आनंदाने म्हणाले. ठरलेली रक्कम माझ्या वर्षभराच्या खर्चाएवढी होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. अंगणातली ती मूर्ती उन्हात तापणार, पावसाच्या सरीने एकाएकी थंड होणार, बुजविलेल्या तड्यात पाणी मुरणार आणि तडा वाढत जाणार. आणि भोवती मुले बसलेली असणार! डोळे मिटले, की मला तो बद्द आवाज पुन्हा ऐकू येई.

सकाळी मी मुख्याध्यापकांना सारे खरे सांगितले. ते बराच वेळ मूर्तीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला नमस्कार केला आणि ते निघून गेले. दुसरी मूर्ती त्यांनी घेतली नाही. त्या प्रदर्शनासाठी काढलेले कर्ज फेडायला मला दोन वर्षे लागली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण दगडाविषयी म्हणतो. माणसालाही थोडे घाव सोसावे लागतात, हे मला त्या दोन वर्षांत कळले.

ती मूर्ती मी घरी आणून अंगणात ठेवली. तिसऱ्या पावसाळ्यात एके रात्री धप्पकन आवाज झाला. सकाळी पाहतो तो खांद्यासह तिचा सबंध हात निखळून पडलेला! जवळपास कोणी नव्हते, म्हणून कोणाला इजा झाली नाही.

तो दगडी हात आता मी प्रत्येक शिबिरात बरोबर नेतो. मुलांना आम्ही मऊ शंखजिऱ्याचा दगड देतो. त्यावर नखानेही ओरखडा उठतो. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला पट्टी बांधल्याशिवाय मी कोणाला कानस हाती धरू देत नाही, कारण दगडाची धूळ फुफ्फुसांना बाधते. काम सुरू होण्यापूर्वी मी त्या हाताची गोष्ट सांगतो.

मागच्या शिबिरात गोष्ट सांगायला मला उशीर झाला. ती शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सांगितली. दुसऱ्या दिवशी मुलांच्या कामाचे प्रदर्शन होते. सकाळी एक मुलगी आपला दगडी पक्षी घेऊन हळूच माझ्यापाशी आली. त्याचा पसरलेला पंख तुटला होता, आणि तिने तो इतक्या सफाईने चिकटवला होता, की माझ्याही ध्यानात आले नव्हते.

“सर,” ती खाली मान घालून म्हणाली, “माझा पक्षी बद्द वाजतो.”

तिने तो वाजवून पाहिला नव्हता. तशी गरजही नव्हती. आम्ही दोघे खाली बसलो. तिने पंख काढून ठेवला आणि उरलेल्या दगडातून दुपारपर्यंत पंख मिटून बसलेला पक्षी घडविला. त्याला पुरता घासून गुळगुळीत करायला वेळ मिळाला नाही. अंगावर कानशीचे ओरखडे तसेच घेऊन तो इतरांच्या रांगेत बसला. आणि त्याच्या शेजारी, कोणी न सांगता, तिने तो तुटका पंखही मांडून ठेवला होता.