पोचपावती

“धन्यवाद! आपला निरोप आम्हांस मिळाला आहे.” हे वाक्य माझ्या धाकट्या भावाच्या वेबसाइटवर हिरव्या अक्षरांत उमटत असे, आणि ते साफ खोटे होते. खोटे बोलण्याचा त्या यंत्राचा हेतू नव्हता, एवढेच फार तर त्याच्या बाजूने म्हणता येईल.

कर्जतहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी लहान लहान स्टेशने घेत जातो. त्यांतल्याच एका स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर आमचे वडिलार्जित घर आहे. पुढे भातखाचरे, मागे विहीर; पाऊस लागला म्हणजे समोरचा डोंगर चार-चार दिवस दिसत नाही. मुंबईकरांना डोंगराचे हे न दिसणेही आवडते, असा भावाचा अनुभव होता. नोकरी सोडून त्याने दोन खोल्या पाहुण्यांसाठी सजवल्या, वेबसाइट केली, तीवर चौकशीचा फॉर्म ठेवला. दोन पावसाळे बरे गेले. २०२४ च्या पावसाळ्यात मात्र फॉर्मवाटे एकही पत्र आले नाही. जुने पाहुणे दूरध्वनी करून येत तेवढेच.

मी कर्जतेस राहतो आणि वडीलपणाचा अधिकार गाजवण्याची संधी सहसा दवडत नाही. आता घरोघरी असल्या खोल्या झाल्या आहेत, लोकांना पोहण्याचे तलाव हवे असतात, तुझी विहीर कोण विचारतो, अशी व्याख्याने मी त्याला दिली. तो निमूटपणे ऐके. दिवाळीच्या सुमारास जमिनीचा एक दलाल अंगण पावलांनी मोजून गेला. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

जानेवारीत कर्जतच्या फलाटावर पुण्याची गाडी उभी होती. घाट चढण्यासाठी तिला मागून इंजिने जोडायची होती. तेवढ्या वेळात वडे घ्यायला उतरलेले एक जुने पाहुणे मला भेटले. “तुमच्या बंधूंना मी दोनदा लिहिलं,” ते म्हणाले, “नाही म्हणायचीसुद्धा तसदी त्यांनी घेतली नाही.” गाडी सुटली म्हणून मी वाचलो.

त्याच संध्याकाळी भावाच्या मुलीला बोलावले. ती इंजिनिअरिंगला आहे. तिने प्रथम नको असलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. तो स्वच्छ होता. मग फॉर्मची पत्रे तिने काही वेळ स्वतःच्या पत्त्यावर वळवली. पत्र आले, परंतु थेट तिच्या नकोशा कप्प्यात पडले. कारण आमचा फॉर्म, पाठवणाऱ्याच्या जागी, लिहिणाऱ्या पाहुण्याचाच पत्ता घालीत होता. पाकीट आमच्या घरून निघालेले आणि सही मात्र परक्याची! १९८२ साली ईमेलच्या देवघेवीचे जे नियम ठरले, त्यांत सही खरी की खोटी हे पाहण्याची सोय नव्हती. पुढे लबाडांनी त्याचा इतका फायदा घेतला की आता घेणारा सर्व्हर आधी विचारतो, या पत्त्याच्या वतीने लिहिण्याचा तुला अधिकार कोणी दिला?

हा एक दोष झाला. पण आमच्या पत्त्यावर तर काहीच येत नव्हते, चांगले नाही आणि नकोसेही नाही. सर्व्हरची रोजनिशी उघडली, तर प्रत्येक पत्रापुढे ‘पोचले’ असा स्वच्छ शेरा. मी म्हणालो, “हे तर नवलच!”

“काका, पोचलंच आहे. कुठं पोचलं ते विचारा,” ती म्हणाली.

त्या वर्षीच्या जून महिन्यात भावाने आपली टपालपेटी वेबसाइटच्या सर्व्हरवरून काढून दुसऱ्या कंपनीकडे नेली होती. जगाला हा नवा पत्ता कळवला गेला, म्हणून बाहेरून थेट आलेली पत्रे त्याला बिनचूक मिळत आणि संशयाला जागाच उरली नाही. फक्त घरच्याच सर्व्हरला बिऱ्हाड बदलल्याचे कोणी सांगितले नव्हते. तो बिचारा फॉर्मचे प्रत्येक पत्र इमानाने जुन्या पेटीत टाकीत राहिला. त्यासाठी त्याला उंबरठाही ओलांडावा लागत नव्हता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. या पत्त्याचे टपाल बाहेर पाठवावे, असे सर्व्हरला बजावले. पाठवणारा म्हणून आमचाच पत्ता, उत्तरासाठी पाहुण्याचा. पत्र नव्या कंपनीच्या दारी नाव आणि परवलीचा शब्द सांगून द्यायचे, आणि प्रत्येक निरोपाची एक नक्कल वेबसाइटवरच ठेवायची. मुलीने हिरवे वाक्यही बदलून ‘आपला निरोप नोंदवला आहे, दोन दिवसांत उत्तर न आल्यास दूरध्वनी करावा’ असे केले. आमच्या लहानपणी रजिस्टर पत्राबरोबर पोचपावतीचे कार्ड जाई आणि घेणाऱ्याची सही घेऊन परत येई. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. परंतु पेटीने स्वतःच पोचपावती द्यावी, हा प्रकार त्या खात्याने कधी केल्याचे मला आठवत नाही.

मग जुनी पेटी उघडली. तीत सदतीस पत्रे होती. भाऊ एकेक मोठ्याने वाचू लागला, आणि मी उठून विहिरीकडे गेलो. माझी सारी व्याख्याने त्या पेटीशेजारीच झाली होती.

एक पत्र एका वृद्ध बाईंचे होते. त्यांचे वडील गावच्या शाळेत मास्तर असताना आमच्याच ओटीलगतच्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड होते. नोव्हेंबरात दोन दिवस येऊन राहावे म्हणते; उत्तर न आल्यास आपली गैरसोय होईल असे समजेन, असे त्यांनी लिहिले होते. पत्र सप्टेंबरचे होते.

भावाने त्या रात्रीच क्षमा मागून सविस्तर लिहिले. आठ दिवसांनी चार ओळी आल्या. आता गुडघे चालू देत नाहीत. विहिरीजवळचा फणस आहे का?

फणस आहे. भाऊ अंधार पडण्यापूर्वी धावत जाऊन त्याचे छायाचित्र काढून आला, ते पाठवले, आणि लगेच पत्राखालचा क्रमांक फिरवून त्याने विचारले, “आजी, पोचलं का?”