कागदावरचा भरवसा

भोसरीच्या आमच्या शॉपमध्ये व्हीएमसी मशीनवर टूल सेटर, म्हणजे टूलची लांबी मोजणारा सेन्सर, बसवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त विरोध मी केला. कारणं तोंडपाठ होती: चिप लागून फुटेल, कूलंट आत शिरेल, टेबलाची जागा अडेल. खरं कारण पोटातच ठेवलं. टूलखाली कागद सरकवत हँडलने झेड उतरवायचा आणि कागद किंचित अडला की थांबायचं, यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हा मान एक बटण घेऊन जाणार होतं.

बसवायला मात्र मलाच लावलं. टेबलाच्या मागच्या कोपऱ्यात टी-स्लॉटमध्ये बोल्ट आवळले, माथ्यावर डायल फिरवून पातळी काढली, वायर चिपच्या वाटेतून बाजूला नेली, लांबी ठाऊक असलेलं मास्टर टूल टेकवून कॅलिब्रेशन केलं. टूल एकदा टेकतं, जरा वर उठतं, मग सावकाश पुन्हा टेकतं. सिग्नल जाताक्षणी कंट्रोल झेडची जागा पकडतो आणि लांबी ऑफसेटच्या पानावर स्वतःच लिहितो. सोबतचा डिप्लोमावाला पोरगा कौतुकाने सांगत होता, की स्पर्शाने चालणारा पहिला प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ साली कॉनकॉर्डच्या इंजिनाच्या इंधननळ्या मोजायला काढला. मी म्हणालो, आपण विमानं बनवत नाही.

मी सेन्सरची चूक शोधायला टपलो होतो. एके सकाळी मशीन थंड असताना दहाची एंडमिल टेकवली, आकडा लिहून ठेवला. जेवणानंतर तीच एंडमिल, त्याच होल्डरमध्ये, पुन्हा टेकवली. वीस मायक्रॉनचा फरक! आकड्यांचा कागद हातात घेऊन केबिनकडे निघालोसुद्धा. मग वाटलं, पुरावा पक्का हवा. परत येऊन लगोलग टेकवत राहिलो. दरवेळी आकडा तोच, फार तर एखाद्या मायक्रॉनने इकडेतिकडे. स्पिंडल थांबवून हात लावला, चांगलाच तापला होता. तापून तो वाढला होता आणि टूलचं टोक तेवढंच खाली आलं होतं. सेन्सर खरं बोलत होता.

माझे पाय तिथेच थिजले. दुपारनंतर पॉकेटची खोली जास्त येते, हे आमचं जुनं दुखणं. त्याचं खापर मी कायम दुसऱ्या पाळीच्या मुलावर फोडलं. "ऑफसेटमध्ये बोटं घालतोस," असं चारचौघांत सुनावलं. तो बिचारा माझेच सकाळचे, थंड मशीनवरचे आकडे तापल्या मशीनवर चालवत होता. तो उलट बोलत नसे. मी त्यालाच कबुली समजलो. अडाणी तो नव्हता.

नंतर कोणी नसताना कागदाचीही परीक्षा घेतली. माझा नावाजलेला हात एकाच टूलवर वीस-तीस मायक्रॉन हलत होता.

त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "मला शंका होती, काका. पण तुम्हाला सांगणार कोण?"

आता स्पिंडल तापवून घेतो आणि मगच टूल टेकवतो. सेन्सरही फसतो, बरं का: माथ्यावर चिप राहिली तर टूल तेवढं लांब धरलं जातं आणि कट वरच राहतो. बसवणार असाल तर हवेच्या झोताची नळी त्याच दिवशी जोडून घ्या.