खाड्यांची वाट

कोकणकिनाऱ्यावरील अंतर मैलांनी मोजू जाणे व्यर्थ होय. ते खाड्यांनी मोजावे लागते. सह्याद्रीवरून उतरणारी प्रत्येक नदी समुद्रास मिळताना आपले मुख पसरते, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने येणारा रस्ता तेथे येऊन थांबतो. पूल असेल तर ठीक. नसेल तर फेरीबोटीची वाट पाहावी, अथवा बरेच आत वळून दूरचा पूल गाठावा. ज्यास सहकुटुंब सहपरिवार समुद्रतीराने प्रवास करावयाचा आहे, त्याने गाडीच्या वेगाचा हिशेब बाजूस ठेवून प्रथम खाड्यांचा हिशेब मांडावा, हे सांगण्याकरिता हा लेखनप्रपंच.

डोंबिवलीत आम्ही तीन पिढ्यांची अकरा माणसे एकत्र राहतो. आमचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. येत्या वसंतात सर्वांनी दर्शनास जावे असे ठरले, तेव्हा तरुण मंडळींनी तत्काळ बेत मांडला : महामार्गाने एका दिवसात चिपळूणमार्गे गुहागर, दुसऱ्या दिवशी दर्शन व अभिषेक, तिसऱ्या दिवशी घरी. बेत सुटसुटीत खरा. परंतु माझ्या थोरल्या वहिनींचे वय ८२, गुडघे धरलेले. सात-आठ तास सलग बसणे त्यांच्याने होत नाही. त्यांस घरी ठेवून जावे असे कोणी म्हणाले नाही. मात्र त्या बेतात त्यांना जागा नव्हती. आणि गुहागरच्या दर्शनाची ओढ घरात सर्वाधिक कोणास असेल तर ती त्यांनाच. यास्तव मी दुसरा बेत मांडला. तो आठ दिवसांचा असून किनाऱ्याने जाणारा आहे, आणि त्यात बहुतेक दिवशी तीन तासांहून अधिक प्रवास नाही. लांबची वाट वृद्धांस अधिक सोसते हे ऐकण्यास विलक्षण वाटते. परंतु वृद्ध माणूस अंतराने थकत नाही, न थांबण्याने थकते.

काळाचा विचार प्रथम. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. चैत्र हवेला बरा, परंतु मुलांच्या परीक्षा आड येतात. वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्यतृतीया, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्याच तिथीस परशुरामजयंतीही असते. परशुरामभूमीच्या प्रवासास याहून योग्य दिवस कोणता? ज्या वर्षी ही तिथी परीक्षा संपण्यापूर्वी पडेल, त्या वर्षी वद्य तृतीयेस निघावे. भरतीओहोटीचे गणित दोन्ही पक्षांत सारखेच येते.

ते गणित असे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास दिवसा व रात्री पूर्ण भरती असते, आणि तेथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. उदाहरणार्थ, चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती व सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे त्यामागील कारण. पौर्णिमा-अमावास्येस भरती मोठी, अष्टमीच्या आसपास मंद. हा आडाखा स्थूल आहे. नेमक्या वेळा छापील कोष्टकात पाहाव्या. परंतु बेत आखण्यास आडाखा पुरतो, आणि मुलांस पंचांग शिकविण्याची याहून चांगली संधी नाही.

त्याची परीक्षा निघण्यापूर्वी घरीच करून घ्यावी. डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावर किंवा कल्याणास दुर्गाडीखाली मुलांस संध्याकाळी नेऊन पाणी चढते की उतरते ते पाहण्यास सांगावे. समुद्रापासून इतक्या आत भरती उशिरा पोचते, हेही त्यांच्या ध्यानी येईल. समुद्र म्हणजे मुंबईचा, आपल्याकडे केवळ आगगाडी, अशी आपल्या मुलांची समजूत असते. १८५३ च्या १६ एप्रिलास बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, हे त्यांस ठाऊक असते. परंतु कल्याण हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकांच्या वृत्तांतात नमूद असलेले बंदर आहे, कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत, ठाणे हे शिलाहारांचे श्रीस्थानक, आणि १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवछत्रपतींच्या आरमाराचा उद्योग याच खाडीकाठी सुरू झाला असे मानतात, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. आपण बंदरातूनच बंदरे पाहावयास निघतो आहो, एवढे त्यांस कळले म्हणजे पुरे.

आता मुक्काम. तृतीयेस सकाळी निघून शिळफाटा, पनवेल, पेण या मार्गाने अलिबाग. दुपारी विश्रांती. संध्याकाळी कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहावी. त्यांचे निधन १७२९ सालचे. येथील चुंबकीय वेधशाळा १९०४ सालची. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी उपकरणे बिघडतील, म्हणून ती येथे आणली गेली. चतुर्थीस सकाळी नवाच्या ओहोटीस कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते; मात्र पाणी फिरण्याआधी परतावे. वृद्धांनी किनाऱ्यावर सावलीत बसावे. नंतर चौल-रेवदंड्यावरून मुरूड, अंतर सुमारे ५० किलोमीटर. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा दिसतो. मराठ्यांस तो अखेरपर्यंत घेता आला नाही. होडीतून तटाच्या पायरीवर पाऊल टाकणे गुडघेदुखीच्या माणसाचे काम नव्हे. त्यांनी तो धक्क्यावरूनच पाहावा.

पंचमीस आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीस उतरावे. ही पहिली खाडी. पुढे दिवेआगर : येथे १९९७ साली जमिनीत गणपतीचा सुवर्णमुखवटा सापडला, २०१२ साली तो चोरीस गेला, आणि २०२१ साली पुन्हा प्रतिष्ठापना झाली. श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव. मुक्काम हरिहरेश्वरी करावा, कारण येथील प्रदक्षिणेची वाट खडकांतून समुद्राच्या काठाने जाते व ती केवळ ओहोटीस करावयाची असते. षष्ठीस ओहोटी साडेदहाच्या सुमारास येते. लाटांनी येथे माणसे ओढून नेल्याचे प्रसंग घडले आहेत. तेव्हा ग्रामस्थ नको म्हणतील तर मुकाट्याने परतावे, पुण्य कमी होत नाही.

त्याच दिवशी दुपारी बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीस जावे. शेजारी बाणकोटचा किल्ला, आणि जवळच वेळास, नाना फडणिसांच्या घराण्याचे गाव. येथील किनाऱ्यावर २००२ सालापासून समुद्रकासवांची अंडी जपली जातात. पिले समुद्रात सोडण्याचा काळ बहुधा फाल्गुन-चैत्राचा. वैशाखात जाणाऱ्यास ते दृश्य चुकण्याचा संभव अधिक, हे मुलांस आधीच सांगून ठेवावे. मुक्काम दापोलीस, दोन रात्री. सप्तमीस आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैहून दिसणारा सुवर्णदुर्ग, आणि दुसरे मुरूड, महर्षी कर्वे यांचे. कर्वे परीक्षेसाठी या गावाहून साताऱ्यास पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. गाडीतून उतरण्यास कुरकुरणाऱ्या नातवंडांस ही हकिकत तेथेच सांगावी.

अष्टमीस दाभोळ. वाशिष्ठीच्या या खाडीवर २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. वहिनी लग्नानंतर प्रथम सासरच्या गावी गेल्या, त्या मुंबईहून आगबोटीने. आगबोट भर पाण्यात थांबे, आणि माणसांनी, पोरांनी, गाठोड्यांनी तिच्यातून हलणाऱ्या पडावात उतरावयाचे. ते उतरणे त्यांच्या मनात इतके रुतून बसले आहे, की मी बेत वाचून दाखविला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, “दाभोळास पडावात उतरावे लागेल का?” गाडीच बोटीवर चढते, तुम्ही आपल्या जागी बसून राहावयाचे, असे सांगितल्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत, नंतर, अभिषेकाचे तांब्याचे पात्र घासून ठेवा, म्हणाल्या. पुतण्याने महामार्गाचा बेत त्यानंतर पुन्हा काढला नाही.

धोपाव्यास उतरले की गुहागर जवळच. नवमीस सकाळी अभिषेक, दुपारी विश्रांती, संध्याकाळी हेदवीचा दशभुज गणेश. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी उंच उसळते. नवमीची भरती मंद, त्यामुळे फवारा लहान, पण मुलेमाणसे घेऊन पाहण्यास तोच बरा. तरीही काठापासून दूर उभे राहावे. दशमीस चिपळूणमार्गे परत. परशुरामाचे देवालय वाटेवरच आहे. हा दिवस लांबचा, म्हणून महाडास भोजन व तासभर आडवे होणे. ज्या महाडात १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला, तेथील चवदार तळे मुलांस अवश्य दाखवावे.

काही सूचना. फेरीबोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचाराव्या. सुट्टीत रांगा लागतात, म्हणून सकाळची फेरी धरावी. बोटीवर गर्दी दिसल्यास पुढची घ्यावी; १९४७ सालच्या जुलैत ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे विसरू नये. प्रवास दहाच्या आत किंवा चारनंतर करावा. औषधे, पाणी व थोडी रोख रक्कम प्रत्येक गाडीत स्वतंत्र असावी. भ्रमणध्वनीतील नकाशा जवळची वाट दाखवितो, ओहोटी दाखवीत नाही. म्हणून पंचांग बरोबर घ्यावे.

रेवस ते रेड्डी या सागरी मार्गावर खाड्यांवरील पूल योजिलेले आहेत. ते पुरे झाले म्हणजे हाच प्रवास निम्म्या वेळात होईल, आणि तेथील ग्रामस्थांची मोठी सोय होईल. त्याविषयी कोणी कुरकुर करू नये. मात्र ज्यांच्या घरी पडावाची आठवण असलेले माणूस अद्याप आहे, त्यांनी पुलांची वाट पाहू नये. त्या माणसास खिडकीशी बसवावे, आणि पहिली अनुकूल तृतीया पाहून निघावे.