फॅन बेल्ट, डावणी आणि कामगंध सापळा

आज पिकाची नाही, गाडीची नोंद लिहितोय. पण हिशोब शेतातलाच आहे.

गेल्या साली टोमॅटोचा तिसरा तोडा होता. पिकअपमध्ये ७० कॅरेट भरले आणि पिंपळगावची वाट धरली. निम्म्या रस्त्यात बॅटरीचा लाल दिवा लागला. म्हटलं, बॅटरीचं काहीतरी असेल, मार्केटला पोचून बघू. थोड्या वेळात गरमचा काटा वर चढायला लागला. तरी थांबलो नाही, लिलाव चुकेल म्हणून. पुढे तीन-चार किलोमीटरवर बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी जागेवर बसली.

फॅन बेल्ट तुटला होता. आमच्या गाडीत तो एकच बेल्ट अल्टरनेटर पण फिरवतो आणि पाण्याचा पंप पण. म्हणून आधी चार्जिंगचा दिवा लागला, मग इंजिन तापलं. हेड गॅसकेट उडालं, हेडचं फेसिंग करावं लागलं. बेल्ट ४५० रुपयांचा, बिल झालं २६ हजार. दुसरी गाडी बोलावून माल पोचवला तोवर लिलाव उरकलेला. दुसऱ्या दिवशी मऊ पडलेला माल मिळेल त्या भावाला दिला.

पोळ्याला गाडी धुताना आप्पा म्हणाले होते, "बेल्टाला चिरा पडल्यात रे, बदलून टाक." मी म्हटलं, "चालतोय ना, सीझन झाला की बघू." त्या रात्री आप्पा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. मिस्त्रीला म्हटलं, स्टार्टर, अल्टरनेटर, क्लच, सगळंच नवीन टाका. तो हसला. "भाऊ, रोग नाही, कीड नाही, फवारणी कशाची करता?"

हे वाक्य डोक्यात बसलं. द्राक्षात डावणीसाठी आपण डाग दिसायची वाट बघत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस-दव असेल तर आधीच फवारतो, कारण घडात शिरली की हातात काही राहत नाही. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीला मात्र कामगंध सापळे लावतो. सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग, सलग ३ दिवस दिसले की मग फवारणी. म्हणजे एक काम कॅलेंडरवर, एक निरीक्षणावर. गाडीच्या पार्टचंही तसंच आहे.

आता मी प्रत्येक पार्टला दोन प्रश्न विचारतो. जायच्या आधी हा आवाज देतो का? आणि गेला तर एकटा जातो, की दुसऱ्याला घेऊन जातो?

डावणीवाले, म्हणजे न सांगता जाणारे आणि मोठं नुकसान करणारे: फॅन बेल्ट, रेडिएटरचे होस पाइप, कूलंट, ब्रेक ऑइल. आणि ज्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे तिथे तो सगळ्यात आधी. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, म्हणजे इंजिनच खोलावं लागतं. आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, ते मॅन्युअलमध्ये बघा. तिथे किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचं. गाडी कमी फिरली म्हणून रबर तरुण राहत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला चिरा दिसल्या तर तो टायर मालाच्या गाडीला नको.

सापळावाले, म्हणजे आधी सांगणारे: ब्रेक पॅड झिजले की किरकिर करतात, क्लच चढाला घसरतो, चाकाचं बेअरिंग घुमतं, बॅटरी सकाळी सेल्फ जड मारते. हे चांगले असताना बदलायचे नाहीत, पण बघत राहायचं. बघणं सोडलं तर सापळा लावून पतंग न मोजल्यासारखं आहे.

आणि दिवा लागला किंवा काटा चढला की गाडी बाजूला घ्यायची, लगेच. माझे २६ हजार बेल्टाने कमी आणि त्या तीन-चार किलोमीटरनी जास्त खाल्ले.

आता फवारणीच्या वहीतच मागचं पान गाडीचं केलंय: पार्ट, तारीख, किलोमीटर. तोडा सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी, इंजिन थंड असताना बॉनेट उघडतो, होस दाबून बघतो, बेल्ट उलटा करून चिरा बघतो. यंदा बेल्ट बदलला. जुना बरा होता, तो पान्यासकट सीटखाली ठेवलाय.

उद्या पहिला तोडा. आप्पांनी मघाशी विचारलं, "बेल्ट बघितला का?" म्हटलं, "वहीत लिहिलंय." तरी बॅटरी घेऊन स्वतः बघून आलेच.

तुम्ही सीझनच्या आधी कोणता पार्ट न चुकता बदलता, तेही सांगा. वहीत जागा आहे.