रिपोर्ट येईपर्यंत

आईच्या फेरतपासणीचा पेट स्कॅन झाला. रिपोर्ट यायचाय. उपचार संपून बरेच महिने झाले, तिचे केसही परत आलेत, तरी स्कॅनची तारीख जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. साधा फोन वाजला तरी छातीत धस्स होतं.

स्कॅनमागचं विज्ञान समजून घेतलं की मन थोडं थाऱ्यावर येतं. शिरेतून किरणोत्सारी ग्लुकोज देतात. जास्त साखर ओढून घेणाऱ्या पेशी चित्रात उजळ दिसतात. त्या औषधाचा किरणोत्सार साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो. पण उजळ दिसणारं सगळंच कॅन्सर नसतं. सूज, जंतुसंसर्ग, भरत आलेली जखमही तशीच दिसू शकते. म्हणून रात्री एकटीने मोबाइलवर रिपोर्ट उघडून एकेक शब्द शोधत बसायचं नाही, डॉक्टरांसमोर बसूनच तो समजून घ्यायचा, हे मी ठरवून टाकलंय.

आई सकाळपासून मेथी निवडतेय. कोवळी पानं परातीत, जाड देठ वर्तमानपत्रावर. मध्येच म्हणाली, “काल तू धड जेवली नाहीस.” मी पहिल्यांदाच तिला सरळ सांगितलं, “आई, मला भीती वाटतेय गं.”

“मलाही वाटते. ये, बस, निवडू लाग.”

भीती बोलून दाखवली म्हणून रिपोर्ट बदलणार नाही. पण तिच्यासमोर सतत हसरा चेहरा ठेवायचं ओझं उतरलं. आता आम्ही दोघी मिळून वाट बघतोय. जे येईल, तेही दोघी मिळूनच ऐकू.