बांगड्या काढून ठेवा

आमवाताच्या रुग्णाच्या हातांचं थर्मल चित्र काढायचं, तर कॅमेऱ्याआधी खोली सांभाळावी लागते. पंखा बंद. एसीचा झोत अंगावर नको, तापमान २२-२३ अंशांवर स्थिर हवं. बांगड्या-अंगठ्या उतरवायच्या; चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, खोलीचीच परतवतो, आणि मनगटावर खोटा थंड पट्टा उमटतो. चित्राआधी चहा-सिगारेट नाही, सांध्यांवर बाम किंवा लेप तर मुळीच नाही. मग १५ मिनिटं हात उघडे, कशालाही न टेकवता. ही १५ मिनिटं कुणी उरकायला निघालं की मी अडून बसते. भर दुपारी रिक्षातून आलेल्या हाताची ऊब उन्हाची असते, आजाराची नव्हे.

कॅमेऱ्याला दिसते ती फक्त कातडीची उष्णता. आत सांध्याचं अस्तर सुजतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, रक्तप्रवाह वाढतो, तेव्हा ती ऊब वर येते. बोटांच्या मुळाशी, मनगटात, गुडघ्यात ती सापडते. खुब्याचा सांधा इतका खोल, की तिथे कॅमेरा आंधळाच. माझा सर्वाधिक भरवसा गुडघ्यावर. निरोगी गुडघ्याची वाटी आजूबाजूपेक्षा थंड असते. तो थंड डाग पुसट व्हायला लागला, की मी डॉक्टरांना फोन करते.

इंग्लंडमधल्या बाथ शहरात फ्रान्सिस रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या उष्णतेचा निर्देशांक मांडला. औषधानं दाह उतरतोय का, हे आकड्यात कळावं म्हणून. मला ती शिस्त फार मोलाची वाटते, कारण रंग फसवतात. लाल-निळा रंग सॉफ्टवेअर भरतं; तापमानाची पट्टी जरा आवळली, की धडधाकट हातही पेटलेला दिसतो. म्हणून एका रुग्णासाठी पहिल्या भेटीत ठरवलेली पट्टी मी पुढे कधी बदलत नाही.

खरी काळजी वाटते ती थंड चित्रांची. जुन्या आमवातात कधी कधी दाह शमलेला असतो, पण कूर्चा झिजलेली, बोटं वाकलेली. पोळी लाटताना जीव जातो, आणि चित्र मात्र शांत निळं. ते पाहून घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाहीये तुला.’ हे मी सहन करत नाही. अशा अहवालात मी लिहिते: ‘दाहाची ऊब आढळली नाही. वेदना आहे की नाही, हे या चित्रावरून ठरवू नये.’ मग सोबत आलेल्या माणसाला आत बोलावते आणि ही दोन वाक्यं त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेते.