आवळणं सोपं, सोडणं अवघड

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत १९३०च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं चर्मालय चालवलं. कातडं कमावणं म्हणजे कोलॅजेन या नैसर्गिक पॉलिमरचे धागे एकमेकांशी पक्के बांधणं. बांधणी सुटली की चामडं कुजलं. पेशीत जनुक नेणारा पॉलिमर घडवताना कसब लागतं ते नेमकं उलटं. डीएनए ऋणभारित असतो, त्यामुळे धनभारित पॉलिमर त्याला सहज आवळतो. पेशी ते गाठोडं एका पिशवीत गिळते आणि आतला सामू ७.४ वरून ५-६ पर्यंत उतरतो. तिथून वेळेत निसटलं नाही तर जनुक पचून जातं. १९९५पासून वापरात आलेल्या पॉलिइथिलिनइमिनला हे निसटणं जमतं, पण त्याच्या लांब साखळ्या पेशीत तुटत नाहीत आणि पेशीलाच घातक ठरतात. म्हणून आखूड साखळ्या डायसल्फाइड बंधांनी जोडायच्या. ते तोडणारं ग्लुटाथायोन पेशीबाहेर नगण्य, आत शेकडो पटींनी जास्त. त्यामुळे बंध बहुतांशी आत गेल्यावरच तुटतात आणि जनुक मोकळं होतं. वाहकाची पारख पकडीवर न करता अशा सुटण्यावर करावी, असं माझं मत आहे.

विषाणू हेच काम अधिक सफाईने करतात, मग पॉलिमर कशाला, असा आक्षेप घेतला जातो. सफाई मान्य. पण जनुक नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एएव्ही या विषाणूत डीएनएच्या जेमतेम ४.७ हजार अक्षरांचा मजकूर मावतो आणि एका मात्रेनंतर शरीर त्याला ओळखून दुसरी अडवतं. विषाणूविना जाणारी वाटही सोपी नाही. विदर्भात परिचित असलेला सिकलसेल आजार म्हणजे बीटा-ग्लोबिन जनुकातल्या एका अक्षराचा बदल. त्यावर २०२३च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेल्या जनुक-संपादन उपचारात मूळपेशी बाहेर काढून विजेच्या झटक्याने जनुक-संपादक आत घालतात, रुग्णाला केमोथेरपी देतात. मंजुरीवेळी अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर होती. दुसरा आक्षेप मेदकणांचा, म्हणजे जनुकीय मजकूर वाहून नेणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म कणांचा: पुण्याच्या जेनोव्हाची २०२२ साली मंजूर झालेली एमआरएनए लस २ ते ८ अंशांवर टिकते, मग अडलंय कुठे? लशीला दंडाच्या स्नायूपर्यंतच जायचं असतं. शिरेतून दिलेले मेदकण बहुतेक यकृतात अडकतात, आणि सिकलसेलच्या मूळपेशी अस्थिमज्जेत असतात. पॉलिमरही तिथे अजून खात्रीने पोचलेला नाही. मात्र त्याची लांबी, भार आणि तुटणारा बंध वेगवेगळे बदलता येतात, म्हणून त्यावर कष्ट घेणं योग्य. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी काचेच्या ताटलीत जनुक उतरल्याची खूण म्हणून चमकणाऱ्या पेशींवर खूश होऊ नये. वाहक आधी रक्तद्रवात टिकवून दाखवावा, आणि किती पेशींत जनुक उतरलं याच्या शेजारीच किती पेशी मेल्या तेही लिहावं.